मोबाइल फोनसाठी डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रे तयार करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालय, पतसंस्था, रुग्णालय किंवा छोटी कंपनी यांच्या संगणक जाळ्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कर्मचाऱ्यांचे वीस ते दोनशे फोन कार्यालयाच्या वायफायला, व्हीपीएनला आणि अंतर्गत संकेतस्थळांना जोडायचे आहेत, मदतीला फारशी माणसे नाहीत आणि हाताशी ओपनएसएसएल (किल्ल्या आणि प्रमाणपत्रे बनवण्याचे सॉफ्टवेअर) असलेला एखादा लिनक्स संगणक आहे, असे गृहीत धरले आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे आणि तो सुरुवातीलाच सांगतो. प्रमाणपत्र कोणालाही दाखवता येते, पण त्याच्या जोडीची खासगी किल्ली, म्हणजे ओळख सिद्ध करणारी गुप्त संख्या, कोणालाही दाखवायची नसते. तयारीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या किल्लीचा प्रवास किती कमी करता येईल, यावर ठरतो.

फोनमधले डिजिटल प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय?

ते ठरावीक साच्यातले एक छोटे निवेदन असते. ही सार्वजनिक किल्ली (खासगी किल्लीच्या जोडीतला उघड अर्धा) अमुक फोनची किंवा अमुक सर्व्हरची आहे, ती या तारखेपासून त्या तारखेपर्यंत ग्राह्य धरावी आणि हे अमुक यंत्रणा स्वतःच्या स्वाक्षरीनिशी सांगत आहे, एवढाच त्याचा आशय असतो. हा साचा एक्स.५०९ या नावाने ओळखला जातो. तो १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि इंटरनेटवर तो कसा वापरावा याचे नियम २००८ सालच्या आरएफसी ५२८० या दस्तऐवजात दिले आहेत.

व्यवहारात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ‘सर्टिफिकेट’ म्हणतो आणि तिथेच पहिला गोंधळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे मूळ प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘रूट’ म्हणतात. कोणाच्या स्वाक्षरीवर विश्वास ठेवायचा, हे ते फोनला सांगते. दुसरे सर्व्हरचे प्रमाणपत्र. ते फोनमध्ये बसवायचे नसते, कारण जोडणी होताना सर्व्हर ते स्वतःच पुढे करतो आणि फोन ते मूळ प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. तिसरे फोनचे स्वतःचे प्रमाणपत्र, जे खासगी किल्लीसह फोनमध्ये राहते आणि ‘मी तोच फोन आहे’ हे सर्व्हरला पटवून देते. पुढे ‘सीए’ हा शब्द आला की तो प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे, सनदी लेखापालांसाठी नाही, हे कृपया लक्षात ठेवावे. खरेदीच्या टिपणीत हा शब्द वाचून लेखा विभागाने शंका काढल्याचे मी पाहिले आहे.

ई-निविदेसाठी किंवा आयकरासाठी आमच्याकडे डीएससी आहे. तीच फोनमध्ये घालता येईल का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तंत्र एकच असले तरी हेतू वेगळा आहे. डीएससी हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली परवाना मिळालेल्या प्रमाणन संस्थेने एखाद्या व्यक्तीला दिलेले सहीचे साधन आहे आणि त्या सहीला कायदेशीर वजन आहे. म्हणूनच तिची खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये, बोलीभाषेत ‘डोंगल’मध्ये, बाहेर काढता येणार नाही अशा रीतीने ठेवलेली असते. आपल्याला फोनसाठी हवे आहे ते ओळखपत्र आहे, सहीचा शिक्का नाही. कार्यालयाच्या दारावरचे ओळखपत्र आणि धनादेशावरची सही यांत जो फरक आहे, तोच या दोहोंत आहे.

वायफायला चांगला पासवर्ड असताना एवढा खटाटोप कशासाठी?

सगळ्यांना एकच पासवर्ड असेल, तर एक माणूस नोकरी सोडून गेल्यावर तो सर्वांसाठी बदलावा लागतो आणि प्रत्यक्षात तो कोणीच बदलत नाही. प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड दिला, तरी दुसरा धोका उरतो. कोणीही कार्यालयाच्या वायफायच्याच नावाने आवाराबाहेर एक खोटे केंद्र उभे करू शकतो. फोनने समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले नाही, तर तो पासवर्डाची देवाणघेवाण त्या खोट्या केंद्राशीही सुरू करतो आणि त्यात हाती आलेल्या मजकुरावरून पासवर्ड शोधून काढण्याची साधने सहज मिळतात. कित्येक ठिकाणी हाच पासवर्ड ईमेललाही असतो, त्यामुळे नुकसान वायफायपुरते राहत नाही.

वायफायला जोडण्याच्या ईएपी-टीएलएस या पद्धतीत दोन्ही बाजू प्रमाणपत्र दाखवतात. फोन खासगी किल्लीने एक स्वाक्षरी करून देतो, पण किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही, त्यामुळे खोट्या केंद्राच्या हाती चोरण्याजोगे काही लागत नाही. माझ्या मते तयारीचे सगळे श्रम या एका गुणासाठी वसूल होतात.

प्रमाणपत्रे विकत घ्यावीत की स्वतः तयार करावीत?

बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या संकेतस्थळासाठी सार्वजनिक सीएचेच प्रमाणपत्र घ्यावे. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून ते विनामूल्य मिळते. फोनच्या ओळखीसाठी मात्र स्वतःचा छोटा सीए उभारणे अधिक योग्य आहे. वायफाय सर्व्हरने ‘माझ्या सीएने स्वाक्षरी केलेला प्रत्येक फोन आत घ्यावा’ असा नियम लावायचा असतो, आणि त्या जागी सार्वजनिक सीए ठेवला, तर जगातील कोणाही ग्राहकासाठी दार उघडे पडते. शिवाय १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारी मुदत असलेली प्रमाणपत्रे ‘लोकल’ने संपणाऱ्या किंवा तशाच अंतर्गत नावांसाठी देण्यास सार्वजनिक सीएंना मनाई झाली आहे, त्यामुळे अशा नावांच्या आतल्या सर्व्हरांसाठी तो मार्ग तसाही बंद आहे.

मूळ प्रमाणपत्र कसे तयार करावे?

हे काम वर्षानुवर्षांत एकदाच करायचे असते, म्हणून त्यासाठी एक शांत दुपार राखून ठेवावी. जाळ्याला न जोडलेला संगणक घ्यावा. जुना लॅपटॉप नव्याने सिद्ध करून घेतला तरी चालतो. त्यावर किल्लीची जोडी तयार करावी. आरएसए हा किल्लीचा प्रकार घेतल्यास मूळ किल्ली ४०९६ बिटांची ठेवावी. स्वाक्षरीसाठी एसएचए-२५६ ही गणिती पद्धत वापरावी, जुनी एसएचए-१ कोठेही राहू देऊ नये. मुदत दहा वर्षांची ठेवण्यास हरकत नाही, कारण मूळ प्रमाणपत्र बदलायचे म्हणजे प्रत्येक फोन पुन्हा हातात घ्यायचा, आणि ते काम दर दोन वर्षांनी कोणालाही झेपणारे नाही.

प्रमाणपत्राच्या आतल्या नोंदींकडे नीट लक्ष द्यावे. हे प्रमाणपत्र सीएचे आहे, ही नोंद ‘क्रिटिकल’ म्हणजे बंधनकारक स्वरूपात असली पाहिजे आणि किल्लीचा उपयोग प्रमाणपत्रांवर व रद्द यादीवर (रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीवर) स्वाक्षरी करण्यापुरता मर्यादित असला पाहिजे. सीएच्या खाली दुसरा सीए निघू नये, अशी लांबीची मर्यादाही घालता येते आणि छोट्या संस्थेने ती जरूर घालावी. त्याहून महत्त्वाची पण बहुतेकांकडून राहून जाणारी नोंद म्हणजे नावांचे बंधन, अर्थात हा सीए फक्त आपल्या संस्थेच्या डोमेनखालच्या नावांनाच प्रमाणपत्र देऊ शकेल, अशी अट.

ही अट किती मोलाची आहे, हे आपल्याच देशातल्या एका घटनेवरून कळते. जुलै २०१४ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या काही डोमेनांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडील मध्यस्थ प्रमाणपत्रांवरून (मुळाच्या अधिकाराखाली स्वाक्षरी करणाऱ्या दुय्यम सीएच्या प्रमाणपत्रांवरून) निघाली होती आणि त्यांच्यामागे भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र होते. हे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत असल्यामुळे विंडोजवरील बहुतेक प्रणालींनी ती खोटी प्रमाणपत्रे खरी मानली असती. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्या यादीत ते मूळ नव्हते, म्हणून फोन वाचले. त्यानंतर क्रोमने त्या मुळाचा अधिकार जीओव्ही.इन, एनआयसी.इन, एसी.इन अशा मोजक्या डोमेनांपुरता आखून दिला. म्हणजे जी मर्यादा सुरुवातीपासून असायला हवी होती, ती अपघातानंतर बाहेरून घालावी लागली. त्याआधी २०११ साली नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सीएमध्ये घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले, इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध ते वापरले गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आपला सीए लहान असला, तरी ज्या फोनवर तो बसतो, त्या फोनपुरता त्याचा अधिकार या मोठ्या संस्थांइतकाच असतो.

किल्ली तयार झाली की ती लांब परवलीच्या वाक्याने कुलूपबंद करावी, दोन पेनड्राइव्हवर तिच्या प्रती घ्याव्यात आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. पतसंस्थांमध्ये तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्याची शिस्त असते. परवलीचे वाक्य एकाकडे आणि पेनड्राइव्ह दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली की तीच शिस्त इथेही लागू होते आणि ती समजावून सांगण्यासाठी संचालक मंडळाला तंत्रज्ञान शिकवावे लागत नाही.

सर्व्हरचे प्रमाणपत्र बनवताना फोनच्या दृष्टीने काय सांभाळावे?

आयफोनच्या अटी अधिक कडक आणि स्पष्ट असल्याने त्या पाळल्या की सहसा अँड्रॉइडही तक्रार करत नाही. आयओएस १३ पासून आरएसए किल्ली निदान २०४८ बिटांची आणि स्वाक्षरी एसएचए-२ कुळातली (एसएचए-२५६ त्यातलीच) हवी. सर्व्हरचे नाव ‘पर्यायी नाव’ या रकान्यात असले पाहिजे. ते नुसते ‘कॉमन नेम’मध्ये लिहिलेले चालत नाही. १ जुलै २०१९ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रात ‘सर्व्हरची ओळख’ हा उपयोग नोंदलेला असावा आणि मुदत ८२५ दिवसांहून अधिक नसावी. या अटी आपण स्वतः बसवलेल्या सीएलाही लागू आहेत. १ सप्टेंबर २०२० पासून आलेली आणि पुढे आणखी आखडत जाणारी ३९८ दिवसांची मर्यादा मात्र फोनमध्ये आधीपासून असलेल्या सार्वजनिक सीएंसाठी आहे, आपल्या सीएसाठी नाही. ‘पाच वर्षांचे प्रमाणपत्र दिले, संगणकांवर चालते, आयफोनवर मात्र चालत नाही’ ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा या ८२५ दिवसांत असते.

फोनचे प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे द्यावे की फोनच्या?

एका फोनला एक प्रमाणपत्र द्यावे आणि त्यात व्यक्ती व फोन दोन्ही ओळखता येतील असे नाव ठेवावे, उदाहरणार्थ कर्मचारी क्रमांक आणि त्यापुढे फोनचा अनुक्रमांक. एकाच व्यक्तीच्या दोन फोनांवर एकच प्रमाणपत्र टाकले, तर एक फोन हरवल्यावर दुसराही बंद पडतो. मुदत एका वर्षाची पुरेशी आहे. उपयोगाच्या रकान्यात ‘ग्राहकाची ओळख’ एवढेच असावे. सर्व्हरची ओळख चुकूनही देऊ नये, नाहीतर कर्मचाऱ्याचा फोन कार्यालयाचा सर्व्हर असल्याची बतावणी करू शकेल.

प्रमाणपत्रात नाव देवनागरीत लिहिता येते का?

येते. एक्स.५०९ मध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह इतर लिपी नोंदण्याचा संकेत) अक्षरे मान्य आहेत आणि कॉमन नेमची मर्यादा ६४ अक्षरांची आहे. ओपनएसएसएलला विनंतीपत्र (स्वाक्षरीसाठी सीएकडे जाणारी फाइल) तयार करताना यूटीएफ-८ चा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. तो दिला नाही, तर अक्षरे चुकीच्या संकेतात नोंदली जातात आणि फोनवर निरर्थक चिन्हे दिसतात. संस्थेचे नाव देवनागरीत ठेवावे, असे मी आवर्जून सांगेन. ‘या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का’ असे फोन विचारतो, तेव्हा आपल्या संस्थेचे नाव आपल्या लिपीत वाचायला मिळाले, तर लिपिकापासून प्राध्यापकांपर्यंत प्रत्येकाला आपण कशाला होकार देतो आहोत ते कळते. ज्या रकान्यावरून सर्व्हर फोन ओळखणार आहे, तो मात्र साधा कर्मचारी क्रमांकच असू द्यावा.

पी-१२ संच म्हणजे काय, आणि बरोबर पासवर्ड देऊनही फोन ‘पासवर्ड चुकीचा’ का म्हणतो?

फोनचे प्रमाणपत्र, त्याची खासगी किल्ली आणि हवे असल्यास मूळ प्रमाणपत्र यांना पासवर्डाने बंद करून एकाच फाइलमध्ये ठेवण्याच्या पद्धतीला पीकेसीएस-१२ म्हणतात. फाइलच्या नावाचा शेवट ‘पी१२’ किंवा ‘पीएफएक्स’ असतो.

दुसऱ्या भागाचे उत्तर मला स्वतःला दोन दिवस खर्च करून मिळाले. एका महाविद्यालयात चाळीस फोनांचे संच तयार करून ठेवले होते आणि सकाळी वाटप सुरू झाल्यावर निम्म्याहून अधिक फोन पासवर्ड नाकारू लागले. पासवर्ड पुन्हा टंकून पाहिले, संच पुन्हा बांधले, प्राध्यापकांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. पासवर्डात काहीच चूक नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० पासून हा संच बंद करण्याची मूळ पद्धत बदलली आहे. पूर्वी प्रमाणपत्रासाठी ४० बिटांचे आरसी-२ आणि किल्लीसाठी ट्रिपल डीईएस हे एन्क्रिप्शन वापरले जाई, आता दोन्हींसाठी २५६ बिटांचे एईएस वापरले जाते. नवी पद्धत कितीतरी भक्कम आहे, पण जुन्या फोनांना ती उघडता येत नाही. त्यातही ‘ही पद्धत मला ठाऊक नाही’ असे सांगण्याऐवजी फोन ‘पासवर्ड चुकीचा’ एवढेच म्हणतो. ओपनएसएसएलला ‘लीगसी’ हा पर्याय देऊन संच बांधला की जुने फोन तो स्वीकारतात.

हा पर्याय वापरताना आपण दुबळे कुलूप लावतो आहोत, याचे भान हवे. म्हणून तो फक्त जुन्या फोनांसाठीच वापरावा, अशा संचाला निदान सोळा अक्षरांचा, यंत्राने निवडलेला पासवर्ड द्यावा आणि फोनमध्ये बसल्याबरोबर ती फाइल फोनवरून व संगणकावरून पुसून टाकावी. संच पाठवताना फाइल एका वाटेने आणि पासवर्ड दुसऱ्या वाटेने जावा. फाइल व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकून त्याखालीच पासवर्ड लिहिण्याची पद्धत मी पाहिली आहे. अशा वेळी ती सगळी प्रमाणपत्रे रद्द करून नव्याने द्यावी लागतात, कारण ती फाइल किती फोनांत उतरली हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

खासगी किल्ली फोनमध्येच तयार झाली, तर हा संच लागणारच नाही ना?

अगदी बरोबर, आणि शक्य असेल तिथे तोच मार्ग घ्यावा. फोन स्वतःच्या आत किल्लीची जोडी तयार करतो, सार्वजनिक अर्धा विनंतीपत्रात घालून सीएकडे पाठवतो आणि स्वाक्षरी झालेले प्रमाणपत्र परत घेतो. खासगी किल्ली जन्मल्या जागेवरून हलत नाही. आयफोनच्या सिक्युअर एन्क्लेव्ह या वेगळ्या सुरक्षित भागात पी-२५६ या प्रकारची किल्ली अशा रीतीने ठेवता येते, तर अँड्रॉइड ९ पासून योग्य चिप असलेल्या फोनांत स्ट्राँगबॉक्स ही तशीच सोय आहे. या देवाणघेवाणीसाठी एससीईपी हा प्रोटोकॉल बराच जुना आणि सर्वाधिक रुळलेला आहे, जरी आरएफसी ८८९४ म्हणून तो २०२० सालीच अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. त्याचा अधिक नेटका पर्याय म्हणजे २०१३ सालच्या आरएफसी ७०३० मधील ईएसटी. दोन्हींसाठी साधारणपणे एमडीएम म्हणजे फोनांचे केंद्रीय व्यवस्थापन करणारी प्रणाली लागते. वीस फोनांसाठी ती उभारणे मोठे काम वाटेल. पन्नासच्या पुढे गेलात, तर हाताने संच वाटण्यापेक्षा तीच स्वस्त पडते, असा माझा अनुभव आहे.

अँड्रॉइड फोनवर प्रमाणपत्र कसे बसवावे?

फाइल फोनवर उतरवून सेटिंग्जमधील सुरक्षा विभागात ‘एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल्स’खाली ‘प्रमाणपत्र बसवा’ हा पर्याय शोधावा. फोन बनवणाऱ्या कंपनीनुसार वाट थोडी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सर्टिफिकेट’ लिहिणे सर्वात सोपे. अँड्रॉइड ११ पासून तिथे तीन प्रकार वेगळे दिसतात : सीएचे प्रमाणपत्र, व्हीपीएन व अॅप यांसाठीचे वापरकर्ता प्रमाणपत्र आणि वायफायचे प्रमाणपत्र. काम वायफायचेच असेल, तर तिसराच प्रकार निवडावा. पहिला प्रकार निवडल्यास तुमचा सीए फोनवरच्या ब्राउझरसाठीही विश्वासू ठरतो आणि ‘नेटवर्कवर देखरेख असू शकते’ असा इशारा फोन देऊ लागतो. तो इशारा खोटा नाही आणि कर्मचारी त्याने धास्तावले, तर चूक त्यांची नाही.

मूळ प्रमाणपत्राच्या फाइलचा शेवट ‘सीआरटी’ किंवा ‘सीईआर’ असावा, कारण दुसरा शेवट असलेली फाइल काही फोन दाखवतच नाहीत. फोनला पिन, नमुना किंवा पासवर्डाचे कुलूप असणे आवश्यक आहे. वायफाय जोडताना पद्धत टीएलएस, मग सीए, मग ‘डोमेन’च्या रकान्यात सर्व्हरचे नाव, मग आपले प्रमाणपत्र आणि ओळख असा क्रम असतो. डोमेनचा रकाना म्हणजे फोनने कोणत्या सर्व्हरशी बोलायचे, ही अट आहे. तिथे चुकीचे किंवा कसेतरी भरलेले नाव चालत नाही.

मूळ प्रमाणपत्र बसवूनही आमचे अॅप अंतर्गत सर्व्हरशी बोलत नाही. का?

अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, त्या आवृत्तीसाठी किंवा पुढच्या आवृत्त्यांसाठी बांधलेली अॅप वापरकर्त्याने बसवलेल्या सीएवर आपोआप विश्वास ठेवत नाहीत. अॅप तुमचे स्वतःचे असेल, तर त्याच्या नेटवर्क सुरक्षा मांडणीत तुमच्या सीएचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. दुसऱ्याचे असेल, तर तुमच्या हाती फारसे काही नाही.

आयफोनवर कसे बसवावे?

फाइल मेलने, एअरड्रॉपने किंवा अंतर्गत संकेतस्थळावरून घेता येते, पण नुसती उघडून ती बसत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘प्रोफाइल डाउनलोड झाले आहे’ ही ओळ किंवा जनरलमधील ‘व्हीपीएन आणि उपकरण व्यवस्थापन’ हा विभाग उघडून तिथे मान्यता द्यावी लागते. अंतर्गत संकेतस्थळासाठी मूळ प्रमाणपत्र बसवले असेल, तर आयओएस १०.३ पासून आणखी एक पायरी आहे : जनरल, मग ‘अबाउट’, मग अगदी तळाशी ‘प्रमाणपत्र विश्वास सेटिंग्ज’, आणि तिथले बटण चालू करणे. ही पायरी राहिली की प्रमाणपत्र बसलेले दिसते, पण सफारी संकेतस्थळाला असुरक्षितच म्हणत राहते.

वायफायसाठी अॅपल कॉन्फिगरेटर या विनामूल्य साधनाने एक प्रोफाइल, म्हणजे फोनच्या मांडणीची फाइल, बनवावे आणि त्यात मूळ प्रमाणपत्र, फोनचा संच, वायफायचे नाव आणि विश्वासू सर्व्हरचे नाव एकत्र घालावे. कर्मचाऱ्याला एकदाच होकार द्यावा लागतो आणि चुकीचा सर्व्हर निवडण्याची संधीच उरत नाही. हाताने बसवलेली ओळख (फोनचे प्रमाणपत्र आणि किल्ली) मेल, सफारी, वायफाय यांसारख्या अॅपलच्याच सोयींना वापरता येते, इतर कंपन्यांच्या अॅपना नाही. त्यामुळे बाहेरचे व्हीपीएन अॅप घेण्याआधी ते प्रमाणपत्र कोठून घेते, हे विचारून घ्यावे.

नुकतेच दिलेले प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ असे का येते?

प्रमाणपत्रातील वेळ जागतिक वेळेनुसार असते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सीएच्या संगणकाचा वेळविभाग चुकला असेल, तर प्रमाणपत्र साडेपाच तासांनंतर वैध होते. जाळ्याला न जोडलेल्या संगणकाचे घड्याळ आपोआप जुळत नाही, म्हणून स्वाक्षरीपूर्वी ते स्वतः पाहून घ्यावे.

मुदत संपण्याचे काय करावे?

सर्व फोनांची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नये. निकालाच्या किंवा मार्चअखेरच्या आठवड्यात तर मुळीच नाही. विभागवार वेगवेगळ्या महिन्यांत प्रमाणपत्रे द्यावीत आणि मुदतीच्या तीस दिवस आधी नवे द्यायला सुरुवात करावी. सार्वजनिक प्रमाणपत्रांची मुदत तर झपाट्याने आखडते आहे. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असे टप्पे ठरले आहेत. बाहेरच्या सर्व्हरचे नूतनीकरण यापुढे हाताने करणे व्यवहार्य राहणार नाही.

जुन्या फोनांच्या बाबतीत मूळ प्रमाणपत्रांचीही मुदत पाहावी लागते. लेट्स एन्क्रिप्ट ज्याच्या आधाराने जुन्या फोनांत ओळखले जाई, ते मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले आणि त्यांचे स्वतःचे मूळ अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांत नाही. शिपायांकडे किंवा गोदामात असे फोन अजून सापडतात. अँड्रॉइड १४ पासून फोनमधील विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची यादी प्रणालीची पूर्ण आवृत्ती न बदलताही अद्ययावत होऊ शकते.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर संस्थेचे मूळ प्रमाणपत्र बसवण्याची सक्ती करावी का?

माझे मत स्पष्ट आहे : नको. निर्बंध नसलेले मूळ प्रमाणपत्र ज्याच्या हाती आहे, तो त्या फोनवरच्या ब्राउझरला कोणतेही संकेतस्थळ खरे म्हणून दाखवू शकतो, आणि त्यात त्या माणसाची बँकही आली. संस्थेचा हेतू चांगला असला, तरी सीएची किल्ली चोरीला गेली की हेतूचा प्रश्न उरत नाही. खासगी फोन जोडायचेच असतील, तर अँड्रॉइडवर फक्त वायफायचा प्रकार आणि आयफोनवर फक्त वायफायचे प्रोफाइल द्यावे, पूर्ण विश्वासाचे बटण चालू करायला सांगू नये, मूळ प्रमाणपत्रात नावांचे बंधन घातलेले असावे आणि हे सगळे कर्मचाऱ्याला मराठीत लिहून द्यावे. अंतर्गत संकेतस्थळ खासगी फोनवरून दिसायलाच हवे असेल, तर त्याला सार्वजनिक डोमेनखालचे नाव आणि सार्वजनिक प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे फोनवर काहीच बसवावे लागत नाही.

फोन हरवला किंवा कर्मचाऱ्याने नोकरी सोडली, तर?

त्या फोनचे प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करावे आणि नवी रद्द यादी, म्हणजे सीआरएल, वायफाय व व्हीपीएन सर्व्हरवर ठेवावी. इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक म्हणजे यादी तयार होते, पण ती तपासण्याची आज्ञा सर्व्हरला दिलेलीच नसते आणि रद्द केलेला फोन बिनदिक्कत जोडला जातो. दुसरी म्हणजे यादी बदलली, तरी बहुतेक मांडण्यांत सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय सर्व्हर ती वाचत नाही. तिसरी चूक सर्वात महागात पडते. यादीलाही स्वतःची मुदत असते. ओपनएसएसएलच्या मूळ मांडणीत ती ३० दिवसांची आहे. ती उलटून गेली की दक्ष सर्व्हर सगळ्याच फोनांना नाकारतो आणि सोमवारी सकाळी अख्खे कार्यालय वायफायविना बसते.

मूळ किल्ली तिजोरीत असताना दर महिन्याला यादीवर स्वाक्षरी कोण करणार, असा प्रश्न इथे रास्तपणे येतो. त्यासाठी मुळाखाली एक मध्यस्थ सीए ठेवून रोजची कामे त्याच्याकडे द्यावीत. तसे करायचे असेल, तर वर सांगितलेली लांबीची मर्यादा मुळावर एका पायरीने सैल ठेवावी आणि ती मध्यस्थावर घालावी. हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो, कारण मूळ प्रमाणपत्र एकदा फोनांत बसले की त्यातील नोंद बदलता येत नाही. व्यवस्था कार्यान्वित करण्याआधी एका चाचणीच्या फोनला प्रमाणपत्र द्यावे, तो जोडला जातो हे पाहावे, मग ते रद्द करून यादी सर्व्हरवर चढवावी आणि तो फोन खरोखरच बाहेर राहतो ना, हे पुन्हा जोडून पाहावे.